झालं म्हटल्यावरचे चेहरे

४ नोव्हेंबर, सोमवार

मिळालं! हॉस्पिटलचं काम मला मिळालं. नव्या इमारतीच्या लांबलचक भिंतीवर तिथल्या चोवीस जणांचे मोठे फोटो लावायचेत. डॉक्टर, नर्सेस, वॉर्डबॉय, सगळे. मेट्रनबाई आज स्वतः दुकानात आल्या होत्या. भिंतीवरचा माझा एकेक फोटो निरखून बघत होत्या. पोस्टमनच्या फोटोपाशी बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "हा माणूस रोज आमच्याकडे येतो. इतका हळवा असेल असं वाटलं नव्हतं हो."

मी म्हटलं, "वाटत नाहीच. बाहेर काढावं लागतं." जरा आगाऊपणा झाला, पण खोटं काय बोलले?

आधी आठ जणांचे काढायचे. ते पसंत पडले तर उरलेले सोळा, आणि पुढे दरवर्षीचं त्यांचं सगळं काम माझ्याकडे. नाही पडले तर राम राम. आणि मला 'नाही' परवडणारं नाही. शेजारचा औषधवाला मधली भिंत पाडून आमची जागा घ्यायला टपून बसलाय. नवरा म्हणतो, "महिनाअखेरीपर्यंत तुझं बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. मग मात्र हट्ट नको." त्याचंही चूक नाही. वर्षभर वाट बघितली बिचाऱ्याने.

म्हणूनच आजपासून ही कामाची डायरी. रोज काय केलं आणि का जमलं, ते लिहून ठेवणार. उद्या कुणाला शिकवायची वेळ आली तर उपयोगी पडेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार

माझी युक्ती लिहून ठेवते. माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की चेहऱ्याला कुलूप लावतो. मी दोन-चार फोटो काढते, मग मान वर करून मोकळेपणाने म्हणते, "झालं!" बस्स. खांदे उतरतात, ओठ सैल होतात, आतला माणूस दारात येतो. रिमोट माझ्या मुठीत असतो. तेव्हा दाबते तो खरा फोटो.

आज वाहतूक पोलीस आला होता. याच्या शिट्टीला अख्खा चौक टरकतो. पण फोटोत असा आलाय की बघणाऱ्याला वाटावं, याला आपलं गाऱ्हाणं सांगावं. फोटो बघून स्वतःच म्हणाला, "हा मी? बायकोला दाखवतो, तिचा विश्वास नाही बसायचा." मी दिवसभर हवेत होते.

एकच अडचण आहे, वेळेची. हे दुकान म्हणजे मुळात अण्णांचं सलून. अण्णा म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी इथे लोकांचे केस कापले, दाढ्या केल्या. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णांचे हात थरथरायला लागले. नवऱ्याने वस्तरा काढून घेतला. मग मी कॅमेरा मांडला. मोठा आरसा आणि ती फिरती खुर्ची तेवढी ठेवली. अण्णा मात्र अजून बरोब्बर आठला येतात, आरसा पुसतात, विजेच्या यंत्राने सावकाश आपली दाढी करतात आणि गिऱ्हाईक आलं की फोटोआधी त्याचे केस विंचरून देतात. "हात थरथरतो हं माझा, सांभाळून घ्या," असं म्हणत म्हणत. दोन बोटांनी हनुवटी फिरवणार, कानामागचा एक केस बसवायला तीन मिनिटं घेणार, घरचं-दारचं विचारणार. माणशी दहा मिनिटं सहज जातात. मी तोवर दिवे लावून घेते. घरी बसून काय करतील, म्हणून मी काही बोलत नाही. पण हॉस्पिटलने आठ जणांसाठी मोजून दोन तास दिलेत.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

अण्णांना सांगून टाकलं. म्हणजे असं सांगितलं की तिथली खोली लहान आहे, दोघांना उभं राहायलाही जागा नाही. खरं कारण वेगळं आहे. ते सगळे डॉक्टर-नर्सेस. अण्णांचा हात दिसला की फोटो राहील बाजूला आणि तपासणी सुरू होईल. उगाच म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा कशाला?

अण्णा म्हणाले, "बरं." कंगवा धुतला, फडक्यात गुंडाळला आणि खिशात ठेवला. फार समजूतदार माणूस. मी उगाच धास्तावले होते.

११ नोव्हेंबर, सोमवार

आठच्या आठ फोटो दीड तासात उरकले! खोली चांगली ऐसपैस होती. नवे दिवे झकास चालले. मेट्रनबाई घड्याळ बघून म्हणाल्या, "अरे वा, आमचे सर्जनसुद्धा इतके वेळेवर आटपत नाहीत."

(संध्याकाळी.) फोटो मोठे करून बघितले. चांगले आहेत. स्पष्ट आहेत. डोळे उघडे, दात पांढरे. पण मला त्यातला एकही कुणाला दाखवावासा वाटत नाहीये. दमले असेन. उद्या ताज्या डोळ्यांनी बघते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ताज्या डोळ्यांनीही तेच. माझ्या 'झालं'चा तिथे पार फज्जा उडालाय. 'झालं' म्हणायचा अवकाश, नर्सेस ताडकन उठून वॉर्डात पळाल्या. तीन फोटोंत नुसत्या पाठी आल्यात. एका डॉक्टरने 'झालं' ऐकून घड्याळ बघितलं, तर त्याचा घड्याळ बघतानाचा फोटो आलाय. फोटो तसा जिवंत आहे म्हणा, पण हॉस्पिटलच्या भिंतीवर घड्याळ बघणारा डॉक्टर लावून कसं चालेल?

शेवटी 'झालं'च्या आधीचे दिले पाठवून. काय सांगावं, त्यांना आवडतीलही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

नाही आवडले. मेट्रनबाईंनी फोटो टेबलावर एका ओळीत मांडले आणि म्हणाल्या, "रागावू नका, पण हे आमच्या ओळखपत्रांवर आधीपासून आहेतच की."

मी फोटो गोळा करायला लागले.

"पेशंटच्या नातेवाइकांनी या भिंतीकडे बघितलं की वाटलं पाहिजे, आपलं माणूस इथे ठेवून घरी जायला हरकत नाही. मला तेवढंच हवंय." मग विचारलं, "तो पोस्टमनचा फोटो तुम्हीच काढला होता ना?"

हो म्हटलं. शेवटी त्यांनीच सत्तावीस तारीख दिली. पुन्हा आठ जण, आणि ही शेवटची संधी. परत आले तर दुकानाच्या पायरीवर औषधवाला टेप घेऊन भिंत मोजत होता. मला बघून म्हणाला, "काही नाही ताई, सहज." सहज म्हणे!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं. उजेड! पोस्टमन, पोलीस, मागे आलेली दोघी बहिणींची जोडी, सगळे फोटो आरशावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यात काढलेले आहेत. हॉस्पिटलात मी नवे पांढरे दिवे नेले. पांढऱ्या उजेडात माणूस बिचकतो, पिवळ्यात त्याला घरच्यासारखं वाटतं. इतकी साधी गोष्ट! नवऱ्याला सांगून तसलेच चार दिवे मागवले. तो म्हणाला, "दिव्याने चेहरा बदलतो होय?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं."

अण्णा आठवडाभर दुकानात फिरकले नाहीत. मी रोज म्हणते 'चला', तर म्हणतात 'बघू'. दाढीही वाढलीय. आराम करताहेत, बरंच आहे. वयानुसार थोडा आळस यायचाच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस, चार पिवळे दिवे, अकरा गिऱ्हाइकं. फोटो पिवळे आले. बाकी फरक शून्य.

सगळे उपाय करून झाले. विनोद सांगितले. गाणी लावली. एका बाईंना म्हटलं, लहानपणीची एखादी गोष्ट आठवा. त्यांना नेमका आगीचा बंब आठवला आणि त्या घाबरून बसल्या. शेवटी औषधवाल्यालाच खुर्चीत बसवलं. म्हटलं, "डोळे मिटा आणि आईला आठवा."

"कशाला? आत्ताच फोनवर भांडून आलोय तिच्याशी."

हसू आलं, पण ते मला आलं. त्याचा चेहरा होता तसाच. उठता उठता हळूच म्हणाला, "ताई, भिंत मी एकदम नाही पाडणार. तुम्हाला सामान हलवायला वेळ देईन." चांगल्या मनाने म्हणाला, म्हणून जास्तच लागलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटतेय. दुकान जाण्याची तर आहेच. पण त्याहून जास्त ही, की मला कधी काही येतच नव्हतं आणि वर्षभर नुसतं नशीब माझ्या बाजूने होतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

हॉस्पिटलच्या पाससाठी माझा स्वतःचा फोटो हवा होता. म्हणून कॅमेरा दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढेल असा लावला आणि मी खुर्चीत बसले. एवढ्यात अण्णा आले. डबा घेऊन. नवऱ्याला यायला जमत नव्हतं म्हणून त्यांना पाठवलं होतं. मी उठायला गेले तर म्हणाले, "बस, बस. केस बघ काय करून घेतलेत. अशी काढणार फोटो?"

खिशातून फडकं काढलं, त्यातून कंगवा. एक हात माझ्या डोक्यावर ठेवला. हात थरथरत होता. "सांभाळून घे हं," म्हणाले. मी मान अगदी स्थिर धरली. माझं डोकं हललं असतं तर त्यांचा कंगवा चुकला असता, आणि तो चुकू नये असं मला फार फार वाटत होतं. भांग पाडता पाडता त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंयस का?"

आणि मी रडले. ओक्साबोक्शी नाही, पण चांगलीच रडले. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवलेला नाही. अण्णा विंचरत राहिले. "दमलीस तू," एवढंच म्हणाले.

ते गेल्यावर कॅमेऱ्यातले फोटो एकामागून एक बघितले. पहिले सहा लाकडी. सातव्यात अण्णांचा हात आहे आणि माझा चेहरा असा आहे की मी तो कधी बघितलेलाच नव्हता. रडण्याच्या आधीचा आहे तो. त्यात मी दुःखी नाहीये. मी कुणालातरी जपतेय.

मग पोस्टमनचा जुना फोटो समोर घेतला. पोलिसाचा. त्या बहिणींचा. सगळ्यांचे केस नुकते विंचरलेले आणि सगळ्यांनी मान अशी धरलेली, कुणाला धक्का लागू नये अशी. माझं 'झालं' त्याच्यानंतर पाच मिनिटांनी यायचं. माणूस अण्णांनी आधीच उघडून ठेवलेला असायचा. मी फक्त बटण दाबत होते आणि त्यावर डायरी लिहीत होते. शाबास!

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी अण्णांपुढे जाऊन बसले. म्हटलं, "सत्तावीसला हॉस्पिटलात माझ्याबरोबर चला."

"खोली लहान आहे ना?"

"नाही. मी खोटं बोलले."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," अण्णा म्हणाले. "हॉस्पिटलात कधी लहान खोली असते का? तुला माझ्या हाताची लाज वाटली."

"लाज नाही हो अण्णा. लोक काहीतरी बोलतील आणि तुम्हाला लागेल, असं वाटलं."

"लागलंच की. फरक एवढाच, की लोकांच्या ऐवजी तू बोललीस."

मी त्यांची माफी मागितली. कानाला हात लावून मागितली. रागाने ते पेपरकडे बघत राहिले. पण पेपर उलटा होता, तेव्हा वाचत नव्हते हे नक्की. खूप वेळाने हनुवटीवरून हात फिरवून म्हणाले, "दाढी करायला लागेल. आरसा दुकानातच चांगला आहे. चल, उघड."

२७ नोव्हेंबर, बुधवार

मेट्रनबाईंना आधीच सांगितलं, "दोन तास पुरणार नाहीत. आज दिवस लागेल." त्यांनी आधी माझ्याकडे, मग अण्णांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लागू दे."

पहिल्याच खुर्चीत तो घड्याळवाला डॉक्टर. अण्णांचा हात बघितला आणि त्याने तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "डॉक्टर, हात थरथरतो माझा. औषध चालू आहे. आता बोलू नका, भांग वाकडा होईल." डॉक्टर गप्प! ऑपरेशन करणारा माणूस, पण एका कंगव्याखाली शाळेतल्या मुलासारखा मान धरून बसला. अण्णांनी विचारलं, "आज किती जणांना बरं केलंत?" तो म्हणाला, "एकाला नाही जमलं." आणि नंतर काही बोललाच नाही. तो फोटो मी काढला. 'झालं' वगैरे काही म्हटलं नाही. गरजच नव्हती.

मग नर्सेस. मला एक गोष्ट आजच कळली. ह्या बायका दिवसभर दुसऱ्यांचं अंग पुसतात, कपाळावर हात ठेवतात, उशी सारखी करतात. त्यांच्या कपाळावर हात ठेवणारं कुणी नसतं. एक मुलगी तर अण्णांनी हनुवटीला हात लावताच डोळे मिटून बसली. अण्णा मला खुणेने म्हणाले, थांब. मी थांबले. तिने सावकाश डोळे उघडले आणि मी बटण दाबलं. थांबायचं किती ते अण्णांना कळतं, दाबायचं कधी ते मला. एवढं तरी माझं आहे.

मेट्रनबाईसुद्धा बसल्या. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही. फोटो बघून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

सगळ्यात शेवटी वॉर्डातल्या मावशी. तीस वर्षं इथे साफसफाई आणि पेशंटची उठबस करतात. चेहरा असा की समोरच्याने आपण होऊन माफी मागावी. दारातूनच म्हणाल्या, "माझा फोटो नको. भिंतीवर लावण्यासारखं काय आहे माझ्यात?"

"फोटो नका काढू," अण्णा म्हणाले. "केस तरी विंचरू द्या. मला काम नाहीये आता."

हो-ना करत बसल्या. अण्णांनी अंबाडा सोडला. पांढरेशुभ्र, लांब केस. अण्णांचा हात नेहमीपेक्षा जास्तच थरथरायला लागला, दमले असावेत. कंगवा दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा मावशींनी वाकून उचलून दिला आणि म्हणाल्या, "घाई नाही मला." फोटो काढू दिला. आणि त्यात त्या चक्क हसल्यात.

मग खुर्चीतून उठल्या, अण्णांच्या हातातून कंगवा घेतला आणि विचारलं, "तुमचे कोण विंचरतं?"

"माझे?" अण्णा गोंधळले. "मीच."

"दिसतंय ते. बसा."

अण्णा बसले. जन्मभर त्या खुर्चीसारख्या खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस, हात मांडीवर ठेवून, पाय जुळवून बसला. मावशींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. अण्णांनी मान स्थिर धरली. आणि सासूबाई गेल्यापासून जो चेहरा मी घरात बघितला नव्हता, तो तिथे आला. मी बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण दाबलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सगळे पसंत! उरलेले सोळा माझे, आणि पुढचं सगळं काम माझं. मेट्रनबाईंनी कागदावर सहीसुद्धा केली.

गठ्ठ्यात अण्णांचाही फोटो चुकून गेला होता. मी म्हटलं, "हा काढून टाका, हे तुमच्या स्टाफपैकी नाहीत."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दारातून आत आल्या आल्या पहिला हाच लावायचा. आम्ही इथे काय करतो ते लोकांना एका नजरेत कळेल."

घरी तो फोटो नवऱ्याला दाखवला. त्याने तो हातात घेतला. मग डोळे पुसत म्हणाला, "वस्तरा मी काढून घेतला होता त्यांचा. तेव्हापासून मी ह्यांच्याकडे नीट बघितलंच नाहीये." उठला, चप्पल घालून दुकानाकडे गेला आणि औषधवाल्याला 'जागा देणार नाही' म्हणून सांगून आला. औषधवाल्याने काय केलं असेल? स्वतःच्या आईला घेऊन आला, म्हणाला, दोघांचा एकत्र काढा, आधी केस विंचरून.

अण्णांना मात्र स्वतःचा फोटो पसंत नाही. "कान फार मोठे आलेत," म्हणाले. मग मावशींचा फोटो मागून घेतला आणि चष्मा लावून बघत बसले. मी स्वयंपाक आटपून आले तरी बघतच होते.

"परवाच्या सोळा जणांत मावशी नसतील ना?"

"नाही अण्णा, त्यांचा झाला."

"पुन्हा काढायला लागेल तो," अण्णा म्हणाले. "केस नीट बसले नाहीयेत."

मी फोटो उजेडात नेऊन बघितला. केस अगदी व्यवस्थित बसलेत, एक बट इकडची तिकडे नाही. पण चाळीस वर्षांचा अनुभव आहे त्यांचा, मी कोण वाद घालणार? म्हटलं, "बरं. सोमवारी पुन्हा काढू."